पुनव लागलेल्या गुरुजींचा सत्कार

हिंगोलीत ज्याचा एकदाही सत्कार झालेला नाही असा माणूस शोधायला निघालात, तर चपला झिजतील. पोरगं दहावी निघालं की सत्कार. जे निघालं नाही ते पुढच्या खेपेला निघालं की त्याचा जास्त मोठा सत्कार. कुणाच्या बोअरला पाणी लागलं तर बोअर पाडणाऱ्याचा सत्कार, आणि नाही लागलं तरी त्याची कोणत्यातरी समितीवर निवड झालेली असतेच, त्याबद्दल सत्कार. शाल, श्रीफळ, हार, आणि रात्रीपर्यंत गावभर फोटो. अशा या दिलदार गावात शेषराव कऱ्हाळे गुरुजींची सगळी चाकरी गेली, निवृत्ती झाली, केस पिकले, पण त्यांच्या खांद्यावर कधी शाल पडली नाही.

गुरुजी शिकवायला वाईट होते म्हणावं तर तसंही नव्हतं. कित्येक वाईट शिक्षकांना दोनदोनदा शाली मिळाल्या होत्या. अडचण वेगळीच होती. गुरुजींना पुनव लागायची.

म्हणजे काय, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. पौर्णिमेला दिवस मावळून चांद वर आला की गुरुजींच्या अंगावर केस उगवायचे, तोंड पुढं यायचं, शेपूट फुटायचं, आणि दिवसा पाढे म्हणून घेणारा माणूस चार पायांवर माळरान तुडवत निघायचा. सकाळी पुन्हा गुरुजी. सिनेमातल्या लांडगेमाणसाला चांदीच्या गोळीची भीती असते म्हणतात. हिंगोलीत लांडग्यावर चांदी उधळणारं कोणी नाही, त्यामुळं गुरुजींना ती भीती नव्हती. त्यांना भीती होती पंचांगाची.

ज्यानं कोणी आपलं पंचांग आखलं त्याच्या घरात पुनव लागलेलं एकही माणूस नसणार. होळी पुनवेला. हनुमान जयंती पुनवेला. वटसावित्री, राखी, दत्तजयंती, सगळं पुनवेला. कोजागिरीला तर अख्खं गाव दूध आटवत, चांदाकडं तोंड करून गच्चीवर बसलेलं. तेव्हा लांडग्यानं जावं कुठं? आणि वर्षातून एक दिवस लोक ज्या दिवशी मास्तराच्या पाया पडतात, ती गुरुपौर्णिमाही नेमकी पुनवेलाच. गुरुजींच्या बरोबरीच्या शिक्षकांना त्या दिवशी शाली पडायच्या, आणि गुरुजी तेव्हा सिद्धेश्वर धरणामागच्या माळावर सशाच्या मागं असायचे.

दर पुनवेला ते रजा टाकायचे. कुठं निघालात म्हणून कोणी विचारलं तर 'देवाला' म्हणायचे. कोणत्या देवाला, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडं देवाला निघालेल्या माणसाची चौकशी करत नाहीत, म्हणून तर इतकी माणसं देवाला निघालेली असतात. फक्त लग्नाच्या बोलण्यात हा देव आडवा आला. 'पोरगा पुनवेच्या पुनवेला एकटाच जातो कुठं?' यावर दोन ठिकाणची सोयरीक मोडली, तिसरीकडं गुरुजी स्वतःच गेले नाहीत. लोकांनी ठरवून टाकलं की कुठंतरी बाई आहे.

बाई होतीच म्हणा. जनकाबाई तिचं नाव, वय साठीच्या पुढं, धंदा धरणाकाठी मासळी विकायचा. गुरुजी नवेनवे चाकरीला लागले तेव्हा मतदार यादी घेऊन त्या बाजूच्या वस्त्यांवर फिरत होते. दिवस मावळला, वाट चुकली, आणि झुडपातून एक लांडगी आली ती पोटरीचा लचका तोडून गेली. दुसऱ्या दिवशी म्हातारी हळदीची पुडी घेऊन शाळेत हजर.

"मास्तर, चूक झाली," ती म्हणाली. "उंचीवरून मला वाटलं बकरं हाय. आता चावले मी, तं निस्तरायचं बी मलाच."

आणि तिनं निस्तरलं. पुढच्या पुनवेला ती त्यांना माळावर घेऊन गेली. पुनव लागायच्या दिवशी सकाळीच पोटभर जेवायचं, कारण उपाशी लांडगा आणि उपाशी माणूस, दोघंही दुसऱ्याचं बकरं बघून बिघडतात. ढगाच्या भरवशावर राहायचं नाही, पुनव काही ढगाला विचारून उगवत नाही. दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, मग घरी कोणी मरायला का टेकलेलं असेना. असं सगळं तिनं शिकवलं. पहिल्या पुनवेची पहाट झाली तेव्हा गुरुजी बाभळीखाली उघडेबोडके, थंडीनं आणि लाजेनं कुडकुडत बसले होते. म्हातारीनं आपली वाकळ आणली, जुन्या लुगड्यांच्या पदराची, जाड टाक्यांची, आणि त्यांच्या खांद्यावर टाकली. माणसात परत आलेल्याला पहिलं पांघरूण थोरल्यानं घालायचं, अशी तिची रीत होती. म्हातारी गेली तेव्हा वाकळ गुरुजींकडं आली.

पुढं गुरुजींनीही ती तीन जणांच्या खांद्यावर टाकली.

पहिला थावरा राठोड. तांड्यावरचा, पिकअप गाडी चालवणारा. घाटात गाडी पंक्चर झाली म्हणून उतरला आणि चावून घेऊन आला. दुसरा ओमप्रकाश अग्रवाल, कापड दुकानवाला. डॉक्टरनं शुगर टाळायला पहाटे फिरा म्हणून सांगितलं. फिरायला गेला, शुगर टळली, पण हे लागलं. ओमप्रकाश कट्टर शाकाहारी. लांडगा झाला तरी बोरं आणि टरबुजं खायचा, आणि सकाळी उठून बाकीच्यांच्या दाढा बघून तोंड फिरवायचा. तिसरी सपना खिल्लारे, खाजगी दवाखान्यात नर्स. गुरुजी तिथं धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेले होते. तिनं सुई उपसली आणि थबकली, यांनी बाही वर सारली आणि थबकले. पुनव लागलेल्याला पुनव लागलेला वासावरून कळतो. त्या बिचारीची पहिली पुनव दवाखान्याच्या मोरीत कडी लावून गेली होती. "सर, मला येड लागलंय का?" तिनं विचारलं, आणि गुरुजींना तिथंच रडू फुटलं. इंजेक्शनला रडणारा म्हातारा म्हणून दवाखान्यात त्यांचं नाव झालं.

आता ही चार माणसं एकत्र राहणार कुठं? लांडगा होणं एक वेळ सोपं, हिंगोलीत चार आडनावांनी मिळून घर भाड्यानं घेणं अवघड. "फॅमिली हाय का?" हा पहिला प्रश्न, आणि "गाव कोणतं, पाव्हणे कोणते?" हा दुसरा. शेवटी केशरबाईच्या वाड्यामागच्या खोल्या मिळाल्या. केशरबाई एकटी, पापड लाटून विकणारी, कानानं तेज आणि जिभेनं त्याहून तेज. गुरुजींनी तिला सांगितलं की सपना ही भाची, थावरा लांबचा मेहुणा, आणि ओमप्रकाश माझा जुना विद्यार्थी, दुकान जवळ पडतं म्हणून येऊनजाऊन असतो. कऱ्हाळ्यांची भाची खिल्लारे कशी, हे केशरबाईनं विचारलं नाही. तिची तक्रार एकच असायची, "गुरुजी, पुनव झाली की मोरीत एवढे केस कशाचे हो येतात?"

बरं चाललं होतं. थावराची गाडी, सपनाच्या गोळ्या, ओमप्रकाशकडचे फाटले तरी चालतील असे जुन्या मालातले कपडे, आणि गुरुजींचे नियम. नियम सांगायला गुरुजींना फार आवडायचं. लांडग्यांना हजेरी नसते म्हणून, नाहीतर त्यांनी तीही घेतली असती.

अशात आषाढाच्या तोंडाला गुरुजींचा पुतण्या बालाजी आला.

बालाजीला नगरपालिकेला उभं राहायचं होतं. त्याला तीनचार वर्षांपासून उभंच राहायचं होतं, आणि तोवर तो सगळ्यांना उभा दिसावा म्हणून चौकाचौकात फ्लेक्सवर उभा होता. काकाच्या घरी तो वर्षातून एकदा यायचा, हट्टा गावातल्या गुरुजींच्या जमिनीची पेरणी झाली का विचारायला. या वेळी मात्र पेढे घेऊन आला आणि वाकून पाया पडला.

"काका, तुमचा सत्कार ठेवलाय. गुरुपुनवेला, मंगल कार्यालयात. साहेब येऊन राहिले. साहेबांच्या हातानं शाल!"

गुरुजींनी चहा खाली ठेवला.

"पुनवेला मला देवाला जायचं असतं रे," ते म्हणाले, पण आवाजात काही दम नव्हता.

"म्हणूनच तं दुपारी ठेवला. हे बघा." बालाजीनं पत्रिका पुढं केली. वर बालाजीचा फोटो, त्याच्या वर साहेबांचा, खाली कोपऱ्यात तिकिटाएवढे गुरुजी. आणि मधोमध छापलेलं, 'दुपारी ठीक चार वाजता'.

ठीक चार वाजता. मुख्य पाहुण्याची वाट बघत पोरांना उन्हात रांगेनं बसवायचं काम ज्या माणसानं चाकरीभर केलं, ज्यानं पाहुणे येईपर्यंत स्वागतगीत पुन्हापुन्हा म्हणून घेतलं, त्या माणसानं या 'ठीक'वर विश्वास ठेवला. भुकेल्याला भाकरीवर काय लिहिलंय ते दिसत नाही.

संध्याकाळी जेवताना त्यांनी तिघांना सांगितलं. चारला सुरू, पाचला संपतं, थावरानं गाडी दारात लावायची, सहाला गावाबाहेर.

ओमप्रकाशनं कपाळाला हात लावला. "गुरुजी, टाइमावर सुरू झालेला प्रोग्राम आपण जिंदगीत पाहिला का?"

"पत्रिकेवर छापलंय."

"पत्रिकेवर 'आहेर आणू नये' बी छापत्यात," थावरा म्हणाला.

सपनानं भाकरी ताटात ठेवली. "गुरुजी, दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं, घरी कोणी मरायला टेकलं तरी. कोणी शिकवलं आमाला? माझ्या आईचं ऑपरेशन होतं, पुनव होती म्हणून मी गेले न्हाई. तुमी म्हणलात नको जाऊ. आन तुमी शालीसाठी चाललात?"

खरं बोलणं माणसाला झोंबतं, आणि शिकवणाऱ्याला तर फारच.

"तू कोण मला सांगणारी?" गुरुजी कडाडले. "ते माझ्या घरचे हायेत. माझ्या रक्ताचे. तुमी कोण? भाड्याच्या खोलीतली माणसं!"

बाहेर केशरबाईचं लाटणं थांबलं. सपना उठली, हात धुतले, ताट उचलून घासायला घेऊन गेली. चुकलो म्हणावं असं गुरुजींच्या मनात आलं होतं, पण मास्तरकीची सवय अशी की चूक दुसऱ्याच्या वहीतच दिसते. ते तसेच उठले आणि कुठला सदरा घालायचा ते बघू लागले.

गुरुपौर्णिमेला गुरुजी नवा सदरा, धुतलेलं धोतर, टोपी आणि खांद्यावर पंचा घेऊन पावणेचारला मंगल कार्यालयात पोचले. तिथं एक माणूस झाडत होता.

साडेचारला खुर्च्या आल्या. पाचला माइकवाला आला आणि 'हॅलो चेक' म्हणून परत चहाला गेला. मंडळी हळूहळू जमत होती, गुरुजींना नमस्कार करत होती, त्यांना व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवलं गेलं. एकदा तिथं बसलेल्या माणसाला उठता येत नाही. गुरुजींनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा चार जणांनी "बसा, बसा" म्हणून दाबून बसवलं.

"साहेब निघालेत," बालाजी कानाशी येऊन म्हणाला. थोड्या वेळानं, "साहेब शिरड शहापूरला एका तेराव्याला थांबलेत." मग, "तेरावं आटपलं, आता तिथंच एका बोअरचं उद्घाटन हाय."

"बालाजी, मला जाऊ दे. देवाला उशीर होतो."

"देव काय पळून चाललाय का काका? साहेब पळून जातील."

सहा वाजून गेले तेव्हा साहेब आले. हार झाले. दीप लागला. स्वागतगीत झालं. प्रास्ताविकात बालाजीनं साहेबांचं चरित्र सांगितलं, मग आपलं सांगितलं, आणि शेवटी काका म्हणजे आमचं दैवत म्हणून आवंढा गिळला. बाहेर आभाळ भरून आलं होतं. गुरुजी खिडकीतून ढगांकडं बघून मनाला समजावत होते, पण जनकाबाई आठवत होती. ढगाला विचारून उगवत नाही.

आधी नखं खाजली. मग कानामागं मुंग्या आल्या. गुरुजींनी हात पंच्याखाली घेतले, तेव्हा मनगटावर केसांची लव उभी राहिलेली होती. नाक उघडलं. पहिल्या रांगेतल्या कुणी पुनवेचा उपास मोडून काय खाल्लं होतं, तेसुद्धा त्यांना कळलं. मग कान उघडले. साहेब माइकवर 'गुरुविण जगात काही नाही' असं सांगत होते. त्यांचं झालं की शाल, अगदी पुढ्यातल्या ताटात ठेवलेली, कडेला जरीची. हात लांब केला तर लागेल अशी. आणि त्या भाषणाच्या आडून बालाजी साहेबांच्या माणसाला काय सांगत होता तेही ऐकू आलं.

"न्हाई हो, मागंपुढं कोणीच न्हाई त्यांना. बायको न्हाई, लेकरू न्हाई. आमीच."

मग कान आणखी लांब गेले, भिंतीच्या पलीकडं, रस्त्यावर. थावराची गाडी. इंजिन चालू. या वेळेला ती गाडी गाव सोडून कधीच गेलेली असायला पाहिजे होती.

"चल गा थावरा," ओमप्रकाश म्हणत होता, आवाज घोगरा झालेला. "माझे दात येऊन राहिले. इथं बजारात झालं तं मारून टाकतील आपल्याला."

"तुमी दोघं जा," सपनाचा आवाज. "मी गुरुजीला सोडून येत न्हाई."

"मंग आमी काहून जाऊ?" थावरा म्हणाला, आणि इंजिन बंद झालं.

तिघं जण त्यांनी शिकवलेला पहिला नियम मोडून भर रस्त्यावर उभे होते, आणि चांद वर यायला घटकाभरही उरली नव्हती. ते उठले. चार हातांनी त्यांना खाली दाबलं. "आता शालच हाय काका," बालाजी दात काढत म्हणाला. साहेबांनी शाल उचलली, घडी मोडली, फोटोवाल्याकडं बघितलं.

तेवढ्यात मधल्या वाटेनं पांढऱ्या ड्रेसमधली सपना तरातरा आली. दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात कोंबलेले. ती व्यासपीठावर चढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "यांची शुगर कमी झाली. दवाखान्यात न्यावं लागतं. सरका."

"ओ सिस्टर, तुमी कोण?" बालाजी आडवा आला.

"लेक आहे यांची."

बालाजी हसला. माइक जवळच होता, त्यामुळं हसणं सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "यांना लेक कुठली? यांचं लग्नच झालं न्हाई!"

हॉलमध्ये खसखस पिकली. सपनाची मान खाली गेली. तिला त्या दिवशीचं ताटावरचं बोलणं आठवलं असणार, कारण तिनं गुरुजींकडं पाहिलंच नाही. आता ती पुढं बोलणार नव्हती, हे गुरुजींना समजलं.

गुरुजींनी साहेबांच्या हाताला हलकेच बाजूला सारलं. शाल तशीच हवेत राहिली. त्यांनी पंच्यात गुंडाळलेल्या हातानं माइक धरला.

"बालाजी बराबर बोलला. माझं लग्न झालं न्हाई. पण ही माझी लेक हाय. सपना खिल्लारे तिचं नाव. बाहेर गाडीपाशी दोघं हायेत, थावरा राठोड आन ओमप्रकाश अग्रवाल. तेबी माझेच."

शेवटचा शब्द घशातून गुरगुरत आला. मागच्या रांगेला वाटलं माइक खराब आहे.

गुरुजींच्या मनगटावर बोटभर केस होते, कानाची टोकं टोपीबाहेर आलेली होती, एका बाजूचा सुळा ओठावर दिसत होता. कुणाचं तिकडं लक्ष गेलं नाही. हॉलमधला एकूण एक माणूस ती आडनावं एका घरात बसवायच्या खटपटीत होता. कऱ्हाळे, खिल्लारे, राठोड, अग्रवाल. बालाजीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. लांडगा झालेला काका त्यानं मतासाठी खपवून घेतला असता, पण हट्ट्याच्या जमिनीला एकदम तीन वारस निघाले होते, आणि तेही असे.

फोटोवाला म्हणाला, "साहेब, इकडं." साहेबांनी सवयीनं हसून हातातली शाल जवळ उभ्या असलेल्या बालाजीच्या खांद्यावर टाकली, आणि टाळ्या झाल्या.

तोवर सपनानं गुरुजींना ओढत बाहेर आणलं होतं. थावरानं गाडी अशी काढली की दोन फ्लेक्स आडवे झाले, त्यातला एक बालाजीचा. सिद्धेश्वरपर्यंत जाणं शक्य नव्हतं. औंढ्याच्या रस्त्याला माळ लागला तिथं थावरानं गाडी उतरवली, किल्ली काढून दगडाखाली ठेवली, आणि नवा सदरा फाटल्याचा आवाज ताडपत्रीखालून आला.

तांबडं फुटताना गुरुजी बाभळीखाली जागे झाले. अंगावर चिखल, कपड्यांचं गाठोडं घरीच, नव्या सदऱ्याच्या चिंध्या. आडोशाला बसून त्यांनी गुडघे पोटाशी घेतले. पलीकडं ओमप्रकाश आणि थावरा कपडे घालून बसले होते. ओमप्रकाश मोबाइल बघत होता.

"गुरुजी, व्हिडिओ आला तुमचा. पूर्ण हिंगोलीत फिरून राहिला."

"केस दिसतात का रे?" गुरुजींनी विचारलं.

"साफ दिसतात. सुळा बी दिसतो."

"मग? लोक काय म्हणतात?"

"एकानं लिहिलं, खिल्लारे म्हणजे वसमतकडले का? खाली शंभर लोक भांडून राहिले त्यावर." ओमप्रकाश बोट सरकवत राहिला. "शेवटी शाल बालाजीवर पडलेली बी दिसते. केसांवर कोणीच काही लिहिलं न्हाई."

तेवढ्यात फोन वाजला. बालाजी होता. थावरानं फोन आडोशामागं दिला.

"काका, एक खुलासा द्या. चक्कर आली होती, काय बोललो ते कळलं न्हाई म्हणा. मी लिहूनच आणतो, तुमी सही करा."

"चक्कर आली न्हाई," गुरुजी म्हणाले. "जे बोललो ते शुद्धीत बोललो. शाल तुला शोभून दिसते म्हणं. ठेव."

त्यांनी फोन परत दिला आणि तसेच बसून राहिले. वारं गार होतं. मग मागून पावलं वाजली. सपना आली, मान दुसरीकडं वळवून, हातात गाडीतली वाकळ. जनकाबाईची, लुगड्यांच्या पदराची.

"सपना," गुरुजी म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते..."

"भाड्याच्या खोलीतली माणसं."

"चूक झाली माझी."

तिनं वाकळ झटकली, आणि गुरुजींच्या खांद्यावर टाकून दोन्ही कडा नीट पुढं ओढल्या, लेकराला गुंडाळावं तशा.

"मला चावलं कोण ते ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "पण तुमाला निस्तरायचं आता आमालाच."

त्या वाकळीत गुरुजींना जुन्या धुराचा आणि मासळीचा वास आला. जनकाबाई गेल्यापासून त्यांनी ती तिघांच्या खांद्यांवर टाकली होती. त्यांच्या खांद्यावर टाकायला मागं कुणी उरलंच नव्हतं.

"श्रीफळ राहिलं," थावरा म्हणाला.

"न्हाई राहिलं." ओमप्रकाशनं गाडीच्या सीटखालून नारळ काढून आणला, हळदकुंकू लागलेला. "सपना आत गेली तेव्हा मागच्या दारानं मी बी गेलो होतो. म्हटलं, शाल त्यांची, नारळ तं आपला."

थावरानं तो दगडावर फोडला आणि अर्धी वाटी गुरुजींच्या हातात दिली. तिघं समोर उभे राहिले. सत्कारमूर्तीनं आता दोन शब्द बोलायचे असतात, आणि त्या दोन शब्दांची तयारी गुरुजींनी चाकरीभर केली होती. त्यांनी घसा खाकरला. डोळे भरून आले, ओठ हलले, पण शब्द काही निघाला नाही.

"बरं, घरी चला," सपना त्यांना हाताला धरून उठवत म्हणाली. "केशरबाई उठायच्या आत आंघोळी उरकून मोरीतले केस काढायचे हायेत."